मिरकाबच्या घराची पुस्तिका

३ ऑक्टो., शुक्र.

कुवेतच्या आमच्या मराठी मंडळाची कमिटी मीटिंग. अडीच तास, त्यातला दीड तास जेवणाच्या मेन्यूवर. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. जानेवारीत नवे अध्यक्ष पदभार घेणार, त्या दिवशी मिरकाबच्या घराची माहितीपुस्तिका निघाली पाहिजे. मराठीत, बत्तीस पानं, नकाशा, फोटो. "ताई, तुम्ही आता रिटायर होताय, वेळच वेळ." रिटायर होणारी बाई म्हणजे यांना माळा वाटतो, काहीही आणून टाकावं.

घर म्हणजे शहराच्या जुन्या भागातलं तेच, मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी जिथं पदभार घेतला ते. तीन वर्षांपूर्वी शोध लागला, स्मरणिकेत छापून आलं. तेव्हापासून प्रत्येक नवा अध्यक्ष त्या अंगणात फेटा बांधून उभा राहतो, मावळता त्याला शाल-नारळ देतो, टाळ्या. परंपरा म्हणे. तीन वर्षांची.

मी हो म्हणाले. का, ते इथं तरी खरं लिहावं. डॉ. सरदेशमुख, जानेवारीत अध्यक्ष होणारे, पार्किंगपर्यंत सोबत आले. "डिसेंबरनंतर काय विचार आहे ताई? आमच्या पॉलिक्लिनिकच्या लॅबला तुमच्यासारखं माणूस हवंय. आणि पुस्तिका मात्र झकास झाली पाहिजे." एका दमात दोन्ही. एकतीस वर्षं सरकारी इस्पितळात लोकांचं रक्त तपासलं, डिसेंबरअखेर ते मला मोकळं करणार. नवा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, लागला नाही तर बॅगा भरायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा कॅनडात, पुण्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू. परत जाऊन करू काय, हे मला कुणी विचारत नाही. मीच विचारते.

७ ऑक्टो., मंगळ.

ड्यूटीनंतर मिरकाब. तीन वर्षं फंक्शनला जातेय, घर आज पाहिलं. मालक अबू यूसुफ, सत्तरीचे, जुन्या कुवेती माणसांसारखं हिंदी बोलतात. आजोबांचं घर, डागडुजी करून त्यांनी लोकांसाठी खुलं केलंय. कॉफी, खजूर, पुन्हा कॉफी. मग मी टेप काढून अंगण मोजलं, ते दुसरं टोक धरून उभे.

येणाऱ्या टुरिस्टांना ते सांगतात की भारताच्या राष्ट्रपतींनी इथं शपथ घेतली. मंडळाच्या सेक्रेटरीनं, आपल्या निखिलनं, इंग्रजी बोर्डावर नुसतं 'प्रेसिडेंट' लिहून ठेवलंय, त्याचा प्रताप. मी सुधारलं नाही. कॉफी चांगली होती.

१० ऑक्टो., शुक्र.

पहिली चार पानं झाली. उगाच नम्रपणा नको, बरी झाली आहेत.

"दरवाजा ओलांडण्याआधी क्षणभर थांबा. हा साग मलबारहून गलबतानं आला. मोठ्या दारात एक छोटं दार आहे, ते पाहा. मोठं दार लग्नाला आणि मयताला उघडत. एरवी घरचे-दारचे सगळे वाकूनच आत जात."

आयुष्यभर रिपोर्टात तीन ओळी लिहिल्या, त्याही आकड्यांच्या. मजा येतेय. छताच्या दांड्या, अंगणाखालचं पाण्याचं टाकं, बायकांचा जिना वेगळा, हे सगळं लिहायचंय. मुलाला वाचून दाखवलं. "छान आहे आई, पण किती तिथं राहणार आहेस अजून?" मागून नात, "आज्जी, व्हाय डोन्ट यू जस्ट कम हिअर?" तिला काय सांगू, तुझ्या आईला माझे चार दिवसही जड होतात म्हणून.

१५ ऑक्टो., बुध.

निखिलला म्हटलं, पहिल्या समारंभाचा पुरावा काय ते पाठव, पान सतरावर छापू. निखिल म्हणजे बँकेत कॉम्प्युटरचं काम, पुण्याचा, पस्तिशीचा, कामसू पोरगा. घराचा शोध त्यानंच लावला.

त्यानं एका पत्राची स्कॅन पाठवली. कुणा जुन्या मेंबरच्या ट्रंकेत सापडलेलं. वर पत्ता : पो. बॉक्स अमुक, सफात, कुवेत. खाली, "कळविण्यास आनंद होतो की आपल्या मंडळाची स्थापना होऊन नूतन अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ येथील मोठ्या खोलीत थाटात पार पडला." खालचा भाग फाटलेला, सही नाही, नाव नाही.

"मॅडम, सफात चौकाच्या आसपास त्या काळातलं उभं असलेलं आणि मोठी खोली असलेलं हे एकच घर आहे. मी मॅपवर सगळं चेक केलं."

आधी हसले, मग बसून राहिले.

पोरा, तेव्हा अख्ख्या कुवेतच्या पत्रांवर सफात असायचं. पोस्टाची पेटी सफातला, माणूस वाळवंटात कुठंही. घरपोच टपाल नव्हतंच. हे त्याला माहीत असायचं कारण नाही, त्यानं जन्मात पत्र टाकलेलं नाही.

पण मी तरी काय शहाणी? आठ वर्षांची असल्यापासून अण्णांच्या पाकिटांवर हेच वाचलं. माझे वडील सफात नावाच्या गावात राहतात असं सोलापुरात शाळेत सांगायचे. इथं नोकरीला आले तेव्हा अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या सुट्टीच्या दिवशी त्यांचं एक जुनं पाकीट पर्समध्ये घालून बसनं सफातला गेले, ते राहायचे ती जागा बघायला. पोलिसाला पाकीट दाखवलं. त्यानं पोस्ट ऑफिसकडे बोट केलं.

आणि दुसरी गोष्ट निखिलला सांगितली नाही. पत्रातलं अक्षर अण्णांचं आहे. 'ळ' ची गाठ, 'श्र' चं शेपूट. चुकणंच शक्य नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.

इब्राहीमभाईंच्या दुकानात. रत्नागिरीकडचे, मिरकाबात शिवणकाम करतात, माझे युनिफॉर्म वीस वर्षं त्यांनीच शिवले. अण्णांना ओळखायचे एवढं माहीत होतं. अण्णा परत आले ते छाती बिघडवूनच, फारसं बोलले नाहीत, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. कामं होती.

पत्र बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ह्यो बॉक्स आमच्या कंपनीचा गो. सफातात कोण रवायचा? आमी सगले लांब शुऐब्याला, कंपनीच्या कॅम्पात. मोठी खोली म्हंजे मेस. पत्र्याची."

"आणि अध्यक्ष?"

"पांडू वेल्डर. पांडुरंग कांबले. तुजा बाप सेक्रेटरी. सगल्यांची पत्रां तोच लिवायचा."

फेटा कुठून आणणार, म्हणून स्टोअरमधून नवं कोरं पिवळं हेल्मेट आणून अध्यक्षाच्या डोक्यावर घातलं. नारळ मिळाला होता, तो कुकनं आधीच कालवणात घातला. सांगताना इब्राहीमभाईंना हसू आवरेना. कॅम्प दोन वर्षांनी उठला, मग शहरातल्या डॉक्टरांनी मंडळ पुढं चालवलं. मंडळाच्या फलकावर पहिलं नाव त्यातल्याच एका डॉक्टरांचं आहे. कांबळे कुठंच नाहीत.

फोटो आहे म्हणाले. घरी शोधून देतो.

१९ ऑक्टो., रवि.

फोटो मिळाला. बनियनवर, लुंगीवर, पन्नासेक माणसं जमिनीवर. मागं पत्र्याची भिंत. मधे हेल्मेटवाला, काळा, दातांत फट, इतका खूश. शेजारी अण्णा, हातात कागद. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत. मी रडले. लॅबमधल्या मल्याळी सिस्टरनं विचारलं, तिला म्हटलं जुना फोटो आहे.

आईला फोन. ती सोलापुरात भावाकडे, ऐंशीची, कान शाबूत. विचारलं, कांबळे आठवतात?

"व्हय की. पांडू वेल्डर. त्येंच्या पत्रात असायचा."

"तुला का नेलं नाही गं कधी अण्णांनी? नऊ वर्षांत एकदाही?"

"कुठं नेणार? पत्र्याची खोली, येका खोलीत आठ माणसं. बाईमाणसाला कुठं ठिवू, म्हनायचे. माझा काय त्येंच्यावर राग न्हाई."

इतकं साधं म्हणाली.

२४ ऑक्टो., शुक्र.

डॉ. स.ना गाठलं, दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात. फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

"ताई, फॅक्ट आहे, मान्य. पण प्रॅक्टिकल बघा. लोकांनी मुलांना घेऊन जायचं कुठं? शुऐब्याला? तिथं कुंपण आहे. हे घर बघितलं की मुलांना आपल्या रूट्सचा अभिमान वाटतो. आता त्यांना सांगायचं की आपली सुरुवात लेबर कॅम्पच्या मेसमध्ये झाली?"

"झाली ना पण."

"आणि सेक्रेटरी तुमचे वडील निघाले. लोक काय म्हणतील, माहितीये ना? ताईंनी घरचंच कार्य उरकून घेतलं." हसले. मग, "हां, तुमची फाइल मी आमच्या मंदूबकडे दिलीये. कागदपत्रांचं सगळं तोच बघतो. निवांत राहा."

चकली खाल्ली. खवट होती.

३१ ऑक्टो., शुक्र.

इब्राहीमभाईंना घेऊन शुऐब्याला गेले. पाइपलाइनी, टाक्या, कुंपण, अंड्यासारखा वास. गाडी थांबवली तर गार्ड लगेच हात हलवत आला. इब्राहीमभाई बोट दाखवत होते, "तिथां. नाय, त्या चिमणीच्या पलीकडं." मग हात खाली घेतला. त्यांनाही नक्की सांगता येईना.

परत येताना मनात आलं, पुस्तिकेत याचं काय वर्णन करणार? "उजवीकडे कुंपण पाहा. डावीकडे कुंपण पाहा." खोटं घर देखणं आहे, हीच तर माझी अडचण.

६ नोव्हें., गुरु.

पान सतरा लिहिलं. घराचं सगळं कौतुक कायम ठेवून, शेवटी : हे घर आपण प्रेमानं निवडलं आहे, पण पहिला समारंभ इथं झाला नाही. तो शुऐब्याच्या कॅम्पात झाला, पहिले अध्यक्ष पांडुरंग कांबळे, व्यवसाय वेल्डर. खाली फोटो. अण्णांचं नाव मुद्दाम घातलं नाही. घरचं कार्य नको.

कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. सहा अंगठे, दोन नमस्कार, एक गुलाब. कुणीही वाचलेलं नाही.

७ नोव्हें., शुक्र.

निखिलनं वाचलं होतं. सकाळीच फोन, आवाज पडलेला. "मॅडम, माझीच चूक. पण एक विचारू? तीन वर्षांपूर्वी हेच पत्र छापलेली स्मरणिका निघाली तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होता. तेव्हाच का नाही बोललात?"

कारण मी स्मरणिका उघडलीच नव्हती. जाहिराती आणि शुभेच्छा असतात म्हणून रद्दीत घातली. हे त्याला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "अच्छा."

१२ नोव्हें., बुध.

अबू यूसुफना सांगून टाकलं. त्यांच्या घराची बाब, त्यांना कळायला हवं. वाटलं, चिडतील. त्यांनी कॉफी ओतली.

"मालूम. इधर कोई हिंदी आदमी नहीं रहा. इधर मेरा दादा का बहन रहा, बाद में गोदाम."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम लोग आया, फोटो निकाला, दरवाजा को हाथ लगाया, रोया. इतना खुश था. मैं क्यूँ बोले?"

माप घ्यायचं राहिलेलं, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, चौदा.

२८ नोव्हें., शुक्र.

डॉ. स. घरी आले. सफरचंदं घेऊन. एवढी वर्षं हा माणूस माझ्या दारात आला नव्हता.

पान सतरा कमिटीला "जरा जड" वाटतंय म्हणे. कॅम्प, वेल्डर, हेल्मेट, हे समारंभाच्या दिवशी हातात देणं बरं दिसत नाही. वकिलातीतून पाहुणे येणार. पुढच्या आवृत्तीत सविस्तर परिशिष्ट करू.

मग म्हणाले, "तुमच्या वडिलांवर अन्याय व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. उलट त्यांना जागा देऊ. पहिले सचिव. व्हरांड्याच्या खोलीत बसून त्यांनी पहिलं पत्र लिहिलं, असं घ्या. पत्र तर आहेच आपल्याकडे. तुमच्या आई किती खूश होतील."

"आणि कांबळे?"

"त्यांचं कोण आहे इथं?"

फाइलबद्दल मीच विचारलं. मी. ते काही बोलले नव्हते. "माझी सही तेवढी राहिलीये. पुस्तिका एकदा फायनल होऊ दे, मग निवांत बसू." गेल्यावर सफरचंदं फ्रिजमध्ये ठेवली.

३ डिसें., बुध.

इब्राहीमभाईंना फोन. कांबळ्यांच्या घरचं कुणी? "जालन्याकडचा होता गो. मग काय म्हायती नाय." मी आणखी शोधू शकले असते. मंडळात जालन्याची दोन माणसं आहेत, विचारता आलं असतं. विचारलं नाही.

९ डिसें., मंगळ.

पान सतरा काढलं. मी काढलं, कुणी हात धरला नव्हता.

त्या जागी : "व्हरांड्यातील ही छोटी खोली पाहा. मंडळाचे पहिले सचिव येथे बसत. बाहेर अंगणात सहकारी गप्पा मारत असताना त्यांनी याच खिडकीच्या उजेडात मंडळाचे पहिले पत्र लिहिले." खाली अण्णांचं पूर्ण नाव. पत्राचा फोटो. वाचायला सुंदर आहे, हेच वाईट. खिडकीच्या उजेडाची ओळ लिहिताना मला मजासुद्धा आली. मी कुठल्या थराची बाई आहे?

रात्री नाही, भर दुपारी, शुद्धीवर असताना केलं, याची नोंद असावी.

१२ डिसें., शुक्र.

फोटो द्यायला इब्राहीमभाईंकडे. सांगताना अडखळले, म्हटलं पुढच्या आवृत्तीत घेणार आहेत.

"नको तर नको गो. पण फोटू परत दे."

पाकिटातून काढून त्यांनी नीट बघितला, कोपरे तपासले. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा? चहा विचारला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

२५ डिसें., गुरु.

लॅबमधला शेवटचा दिवस. केक, फुलं, शिल्ड. हजेरीच्या मशीनवरून माझं बोट काढून टाकलं. सवयीनं जाताना बोट टेकवलं तर लाल दिवा. मल्याळी सिस्टर म्हणाली, "चेची, यू आर सो लकी, नेक्स्ट जॉब रेडी." हो तर.

डॉ. स.ची सही झाली परवाच. पुस्तिका छापायला गेली त्याच दिवशी.

१६ जाने., शुक्र.

समारंभ. हवा छान, अंगणात खुर्च्या, झेंडूच्या माळा खास मागवलेल्या. डॉ. स.ना फेटा शोभत होता, खोटं का बोलू. भाषणात माझीच वाक्यं, "याच खिडकीच्या उजेडात." टाळ्या. वकिलातीतल्या बाई डोळे टिपत होत्या.

मग मला पुढं केलं, पाहुण्यांना घर दाखवायला. इथं थांबा, इकडे पाहा, वाका, डोकं सांभाळा. व्हरांड्याच्या खोलीपाशी आवाज आपोआप हळू झाला. शंभर माणसांनी मान हलवली. अबू यूसुफ दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

निखिल आला नव्हता. ताप म्हणे.

१८ जाने., रवि.

क्लिनिक जॉइन. लॅब म्हणजे एक खोली, एक मशीन, एक मुलगी. काम बरं आहे. माझ्या नावाची पाटी लागली.

२० जाने., मंगळ.

पुस्तिकेची पीडीएफ भावाला पाठवली होती. पाठवायला नको होती, पण मिरवायचं होतं. हेही खरंच. काल भावजयीनं आईला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, फोटो मोठे करकरून.

आज आईचा फोन. स्वतःहून कधी करत नाही. मला वाटलं, अण्णांचं नाव बघून गहिवरली असेल.

"वाचलं समदं. लई मोठं घर हाय की."

"हो."

"अंगण हाय. पाण्याचं टाकं हाय. बायकांला येगळा जिना हाय."

फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बायका ऱ्हायच्या म्हंजी तितं."

"आई, ते घर..."

"मला पत्र्याची खोली म्हनून सांगितलं त्येनी. आठ माणसं म्हनून सांगितलं. नऊ वर्सं. तुमा दोघांला घिऊन मी गिरणीच्या चाळीत काढली. येवढं घर आसताना आमास्नी का न्हाई नेलं गं?"

तिला सांगितलं. सगळं, एका दमात. ते घर खोटं, म्हणजे घर खरं, पण अण्णा तिथं कधीच नव्हते, पत्र्याचीच खोली होती, मेसमध्ये समारंभ झाला, पांडू वेल्डर अध्यक्ष, मी चुकीचं लिहिलं.

"चुकून बापाचं नाव लिवलंस?"

"चुकून नाही. मुद्दाम."

"कशापायी?"

नोकरीसाठी, हे तोंडातून निघालं नाही. म्हटलं, मंडळाला हवं होतं.

आईच्या मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"माझी समजूत घालाया सांगतीस तू. पत्र्याची खोली. तवा त्येनीबी ह्येच सांगितलं हुतं." आणि फोन भावजयीच्या हातात दिला.

२१ जाने., बुध.

क्लिनिकमध्ये सुट्टी मागितली, चार दिवस, सोलापूरला जायला. डॉ. स. म्हणाले, ताई, जॉइन होऊन तीन दिवस झाले, निदान तीन महिने तरी. आई बरी आहे ना? म्हटलं, बरी आहे.

पुस्तिकेत चूक आहे, दुरुस्तीचं पत्रक काढा, असंही मी त्यांना म्हणाले. पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती कधी? पहिली संपली की. किती छापल्या ते मला माहीत आहे, संपायच्या नाहीत.

कमिटीला पत्र लिहायला घेतलं. कांबळ्यांचं नाव, शुऐबा, मेस, आणि मी हे का दाबलं ते. दीड पान झालं. टेबलावर आहे. सही केलेली नाही.

२३ जाने., शुक्र.

सकाळी फोन केला, आई अंघोळीला गेली होती. दुपारी केला, झोपली होती. संध्याकाळी भावानं उचलला, मागं तिचा आवाज ऐकू येत होता, भाजीवाल्याशी बोलत होती. म्हटलं, दे तिच्याकडे. तो आत गेला, परत आला.

"नंतर बोलते म्हणाली."

"जेवते का?"

"जेवते. सगळं करते. तुझ्याशी आणि अण्णांच्या फोटोशी बोलत नाही, एवढंच."